‘पहिले जग’ : संज्ञेचा उगम आणि अर्थांतर

प्रस्तावना :
संपन्न औद्योगिक राष्ट्रांसाठी ‘पहिले जग’ ही संज्ञा सामाजिक शास्त्रांच्या अध्यापनात सर्रास वापरली जाते. ‘पहिले’ या क्रमवाचक विशेषणामुळे पहिले ते श्रेष्ठ आणि तिसरे ते कनिष्ठ, असा समज विद्यार्थ्यांमध्ये सहज निर्माण होतो. संज्ञेचा इतिहास या समजास पुष्टी देत नाही.

उगम :
फ्रेंच लोकसंख्याशास्त्रज्ञ आल्फ्रेड सोव्ही यांनी १४ ऑगस्ट १९५२ रोजी एका साप्ताहिकातील लेखात ‘तिसरे जग’ हा शब्दप्रयोग केला. त्यामागे १७८९ च्या क्रांतीपूर्वीच्या फ्रेंच समाजरचनेचा संदर्भ होता. त्या रचनेत धर्मगुरू, सरदार आणि सामान्य जनता असे तीन वर्ग होते. बहुसंख्य असूनही तिसरा वर्ग उपेक्षित राहिला. भांडवलशाही व साम्यवादी गटांच्या संघर्षात उर्वरित देशांचीही अशीच उपेक्षा होत आहे, हे सोव्ही यांना सुचवावयाचे होते. ‘तिसरे जग’ रूढ झाल्यावर ओघानेच अमेरिका व तिचे मित्रदेश ‘पहिले’, तर सोव्हिएत गट ‘दुसरे’ जग ठरले.

अर्थांतर :
अर्थात, या विभागणीचा मूळ निकष संपत्ती नसून राजकीय गटबांधणी हा होता. १९४९ मध्ये नाटोचा संस्थापक सदस्य झालेला पोर्तुगाल पश्चिम युरोपातील गरीब देशांपैकी होता. स्वित्झर्लंड संपन्न असूनही तटस्थ होता. माओ त्से-तुंग यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या सिद्धांतात तर अमेरिका व सोव्हिएत संघ या दोन्ही महासत्ता ‘पहिल्या जगात’ होत्या. १९९१ मध्ये सोव्हिएत संघाचे विघटन झाल्यावर ‘दुसरे जग’ लोप पावले आणि ‘पहिले जग’ या संज्ञेचा केवळ आर्थिक अर्थ उरला. हा अर्थ जुन्या विभागणीशी जुळत नाही. १९७० पासून अलिप्ततावादी चळवळीचा सदस्य असलेला सिंगापूर आज उच्च उत्पन्न गटात मोडतो.

निष्कर्ष :
शीतयुद्धाच्या विवेचनात ‘पहिले जग’ ही संज्ञा तिच्या राजकीय अर्थानेच वापरणे इष्ट ठरेल. आर्थिक तुलनेसाठी जागतिक बँकेचे दरडोई उत्पन्नावर आधारित चार गट अधिक नेमके आहेत. देशाचे उत्पन्न बदलले की त्याचा गटही बदलतो. हा भेद वर्गात स्पष्ट केल्यास ‘तिसरे जग’ म्हणजे तिसरा दर्जा, हा विद्यार्थ्यांच्या मनातील न्यूनगंड दूर होण्यास निश्चितच साहाय्य होईल.