नाव आहे, चेहरा नाही

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात एका बाईचे चित्र आहे. लिओनार्दो दा विंची मिलानच्या दरबारी असताना, १४९५ च्या आसपासचे ते समजतात. अक्रोडाच्या फळीवर रंगवलेले. बाईच्या कपाळावर बारीक दोरा आणि त्यात एक खडा, आपल्याकडच्या बिंदीसारखा. चेहरा इतका जिवंत, की आता बोलेल असे वाटावे. पण ती कोण? कोणी एक नाव सांगतो, कोणी दुसरे. पाचशे वर्षे झाली, एकमत नाही.

आता आपल्या नाणेघाटात चला. जुन्नरकरांनी तो पाहिलेला असतोच, आंबेगावच्या मंडळींनाही फार लांब नाही. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच वाटेने जुन्नरला चढे आणि पुढे पैठणला जाई. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे; जकातीची नाणी त्यात टाकीत, असे सांगतात. जवळच लेणे आहे.

लेण्याच्या मागच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्यातील माणसांच्या मूर्ती होत्या. आज पावलांच्या खुणांखेरीज फारसे काही उरलेले नाही. मात्र मूर्तींच्या वर कोरलेली काही नावे टिकली. त्यांत एके ठिकाणी आहे, देवी नायनिका आणि राजा श्री सातकर्णी. आधी राणी, मग राजा! आपल्या लग्नपत्रिकांत अजून हे जमलेले नाही.

हीच नागनिका. बाजूच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत मोठा लेख आहे. तो इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला मानतात. महारठ्याची लेक, वेदिश्री आणि शक्तिश्री यांची आई, महिना-महिना उपास करणारी, घरात राहून तपस्विनीसारखी वागणारी, असे राणीचे वर्णन त्यात येते. यज्ञांची यादी आहे, दक्षिणेचे आकडे आहेत. एके ठिकाणी ११,००० गायी आणि १,००० घोडे! एवढ्या गायींच्या वैरणीचा विचार आपल्याच मनात येणार, राजाच्या कशाला येईल? हे आकडे आपल्या देशातील सर्वांत जुन्या लिखित अंकांपैकी आहेत. मुले लहान असताना राज्यकारभार हिनेच पाहिला, असे बरेच अभ्यासक मानतात.

लेखाची अक्षरे जागोजागी फुटली आहेत. ही राणी कोण हे ठरवायला मूर्तीवरच्या त्या छोट्या ओळीचा मोठा आधार झाला. चेहरा गेला, पण ओळ राहिली म्हणून बाई सापडली.

तुमच्या ट्रंकेतही पणजीचा एखादा फोटो असेल. नऊवारी, नथ, मांडीवर मूल. मागे नाव आहे का? घरातले म्हातारे माणूस आहे तोवर विचारून घ्या आणि शिसपेन्सिलीने लिहा. ‘अमक्याची आई’ नको, तिचे स्वतःचे नाव आणि माहेरचे गाव.

नाणेघाटात मुलांना घेऊन जाल तर एक सांभाळा. अक्षरे नीट दिसावीत म्हणून त्यांवर खडू फिरवू नका, आणि पोरांच्या हाती टोकदार दगड दिसला तर काढून घ्या. त्या भिंतीवर नावे आधीच लिहिलेली आहेत.