ऊन आणि वारा एकाच खिडकीतून

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा आमच्या दहिसरच्या घरात पंखा बहुधा पाचवरच फिरत असेल. उन्हाळ्याचा विषय दिवाळीत कशाला, हा प्रश्न पुणेकराला पडेल; मुंबईकराला पडायचा नाही. इथे उन्हाळे दोन. मोसमी पाऊस साधारण ८ ऑक्टोबरच्या आसपास मुंबईचा निरोप घेतो, ढग जातात, जमीन मात्र ओलीच असते, आणि चकल्या तळणाऱ्या बाईच्या कपाळावरून घाम कढईच्या काठापर्यंत येतो. ही 'ऑक्टोबर हीट'. मोठा उन्हाळा पुढे मार्चमध्ये येतोच.

आमच्याकडे एसी नाही. त्यामागे तत्त्वबित्त्व काही नाही. आधी पैसे नव्हते, पैसे आले तेव्हा एसीशिवाय राहायची सवय झाली होती. पण एसीशिवाय घर गार ठेवायचं म्हणजे काय करायचं, हे कळायला मला वीस उन्हाळे लागले. कारण याबाबतचे बहुतेक सल्ले आपल्याकडे येतात ते कोरड्या मुलखातून.

आमच्या नागपूरच्या मावशीचंच घ्या. एका मे महिन्यात ती आली, दोन दिवस सोफ्यावर बसून पदराने वारा घेतला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अरे, एक कूलर घेऊन टाक ना! एवढं काय सोसता?" घेतला. वाळ्याच्या ताट्या लावलेला, चांगला ऐसपैस. पहिल्या संध्याकाळी वास सुंदर आला. दुसऱ्या दिवशी पापड सादळले, तिसऱ्या दिवशी गाद्या दमट झाल्या, आणि आठवड्याने कूलर गॅलरीत गेला. तिथे त्याच्यावर आता कुंड्या आहेत.

चूक मावशीची नव्हती, हवेची होती. पाणी वाफ होताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतं, हे कूलरचं भांडवल. हवा किती गार होऊ शकते, ते तिच्यात आधीच किती बाष्प आहे यावर ठरतं. नागपुरात पारा ४३ अंशांवर आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या ताटीतून हवा गार होण्याची अगदी शेवटची पायरी २२-२३ अंशांची असते. दहिसरला ३३ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल, तर तीच पायरी २७-२८ वर येऊन थांबते. म्हणजे दहा अंशांनी अधिक तापलेलं नागपूर कूलरसमोर आपल्यापेक्षा गार होतं. शिवाय कूलरने सोडलेलं बाष्प आपल्याच खोलीत राहतं आणि अंगावरचा घाम वाळायचा थांबतो. माठाचंही तेच. विदर्भातल्या माठातलं पाणी दाताला झोंबतं, आमच्या माठातलं घशाला बरं वाटतं, एवढंच. तरी माठ मी सोडलेला नाही. बर्फाच्या पाण्यापेक्षा तो केव्हाही बरा.

आता एक गंमत. विलिस कॅरिअर या अमेरिकन इंजिनिअरने १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी जे यंत्र आखलं, तो आजच्या एसीचा पूर्वज. त्या छापखान्याची अडचण उकाड्याची नव्हती. दमट हवेने कागद फुगायचा आणि रंगावर रंग नेमका बसायचा नाही. म्हणजे एसी जन्माला आला तो हवा कोरडी करायला. मुंबईत तो एवढा सुखाचा वाटतो त्याचंही गुपित हेच. हवा कोरडी करणं घरगुती उपायांनी जमत नाही, तेव्हा आपल्या हाती उरतात दोन गोष्टी: अंगावरून वारा वाहता ठेवणं आणि घराला तापू न देणं. नेमक्या या दोन गोष्टी दहिसरमध्ये एकमेकींच्या आड येतात.

कशा, ते सांगतो. वारा आपल्याला समुद्राचा. दुपारच्या आधी, साधारण अकराच्या सुमारास, तो पश्चिमेकडून यायला लागतो, गोराई-मनोरीच्या खाडीवरून, कांदळवनावरून, कांदरपाड्यावरून. पण दुपारनंतरचं तिरपं, आत घुसणारं ऊनही पश्चिमेचंच. खिडकी उघडली तर वाऱ्याबरोबर ऊन येतं, बंद केली तर उन्हाबरोबर वारा जातो.

इथे सूर्याचं गणित समजून घेण्यासारखं आहे. मेच्या मध्यावर आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो. सूर्य भरदुपारी अगदी डोक्यावर असतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्याच पायाशी गडप होते. म्हणून उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला फारसं ऊन लागतच नाही, फूट-दीड फुटाचा छज्जा तिला पुरतो. मार खातो तो स्लॅब, आणि त्याच्या खालोखाल पूर्व-पश्चिमेच्या भिंती. पश्चिमेच्या खिडकीला छज्जा काही कामाचा नाही, कारण चार वाजताचं ऊन त्याच्या खालून वाकून आत शिरतं. तिथे आडोसा हवा तो उभा. आणि तो काचेच्या बाहेर हवा. आत लावलेला जाड पडदा ऊन अडवतो खरा, पण तोवर उष्णता काचेतून आत आलेली असते. पडदा तापतो आणि रात्रीपर्यंत शेगडीसारखा धग देत बसतो.

या पेचावर आपल्याच डोंगरात दोन हजार वर्षांपूर्वी तोडगा निघालेला आहे. दहिसरच्या पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर, त्यात कान्हेरीची लेणी. शंभराहून अधिक. लोक चैत्यगृह बघतात, बुद्धमूर्तींसमोर फोटो काढतात आणि परततात. एप्रिलच्या एखाद्या दुपारी एखाद्या साध्या विहारात नुसतं बसून पाहा. समोर खांबांची ओसरी, तिच्या मागे अंधारी खोली, खोलीत कातळातच कोरलेला ओटा, बाहेर पाण्याची टाकी, जिला अभ्यासक पोढी म्हणतात. ऊन ओसरीत अडतं, वारा ओसरीतून आत येतो, आणि मागचा अखंड कातळ दिवसाची उष्णता सावकाश, फार सावकाश घेतो. पुढे कोकणातल्या घरांनी हीच ओसरी पडवी म्हणून, ओटी म्हणून पुढे नेली. वर मंगलोरी कौलं आली, कौलांच्या फटींतून तापलेली हवा वाट काढू लागली आणि मधला माळा छपराची धग डोक्यापर्यंत पोहोचू देईनासा झाला. चाळीची सामाईक गॅलरी म्हणजेही ओसरीच, फक्त वीस बिऱ्हाडांत वाटलेली. चाळीत दार दिवसभर सताड उघडं असायचं ते काही नुसतं शेजारधर्मापोटी नव्हे. पुढच्या दारातून आलेला वारा मागच्या खिडकीतून जायला हवा ना!

वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी हा पेच नेमका ओळखला होता. मुंबईत इमारतीचं तोंड पूर्व-पश्चिम हवं, कारण वाराही तिकडून आणि देखावाही तिकडे. पण ऊन आणि पावसाची झोड यांच्याही दिशा त्याच. जुन्या बंगल्यांनी भोवती व्हरांडा गुंडाळून हे भागवलं होतं. कंबाला हिलवरच्या त्यांच्या कांचनजंगा इमारतीला (१९८३) कोपऱ्याकोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या खोल गच्च्या दिसतात, त्या म्हणजे हवेत उचललेला व्हरांडाच. तिथली घरं तुमच्याआमच्या आवाक्यातली नाहीत, पण कल्पनेला भाव लागत नाही.

आणि आपण काय केलं? बाल्कनी हॉलमध्ये घेतली. मीही घेतली. तीन-साडेतीन फूट जागा मिळाली, सोफा बसला, पाहुणे म्हणाले, "केवढा मोठा हॉल!" शिवाय बाहेरच्या बाजूला अॅल्युमिनियमच्या सरकत्या काचा बसवल्या. सरकती खिडकी कितीही उघडा, निम्मीच उघडते. एक काच दुसरीच्या मागे जाऊन उभी राहते, बस. जुनी झडपांची लाकडी खिडकी सगळीच्या सगळी उघडायची. दारांवरच्या झरोक्यांत पुठ्ठे आणि माळ्यावरचं सामान. म्हणजे वाऱ्याची येण्याची वाट निम्मी, जाण्याची वाट बंद, आणि उन्हाला थेट काचेवर आमंत्रण. दहिसरच्या चाळीस-पन्नास वर्षांच्या इमारतींत हे घरोघरी झालं आहे. तापमान जागतिक कारणांनी वाढलं असेलच, पण आमच्या हॉलचे एक-दोन अंश आम्ही स्वतः गवंडी लावून वाढवले.

शेवटच्या मजल्यावरच्यांची गोष्ट निराळी. त्यांना स्लॅब. दिवसभर तापलेलं काँक्रीट उष्णता खाली सोडायला लागतं ते संध्याकाळी, म्हणजे नेमकं आपण घरी येतो तेव्हा. यावर उपनगरांनी नकळत एक उत्तर शोधलं. गळती थांबवायला सोसायट्यांनी गच्चीवर पत्र्याची शेड टाकली. दिसायला ओंगळ, पण स्लॅब सावलीत गेला आणि पत्रा व स्लॅब यांच्यामधून वारा खेळू लागला. शेवटच्या मजल्यावरचे लोक सांगतात की शेडने पावसाळ्याइतकाच उन्हाळाही सुसह्य केला. जिथे शेड नाही तिथे पांढरा रंग. नवा चुना किंवा पांढरा परावर्तक रंग बहुतेक ऊन आल्या वाटेने परत धाडतो. फक्त मुंबईचा पाऊस चुना धुऊन नेतो आणि उरलेल्यावर शेवाळ धरतं, म्हणून हे काम दर वर्षी होळीच्या आसपास करायचं. फुटक्या पांढऱ्या लाद्यांचं चायना मोझॅक टिकतं जास्त. उलट गळतीवर डांबरी काळी शीट चिकटवून ती तशीच उघडी ठेवणं म्हणजे शेवटच्या मजल्याला तव्यावर बसवणं. अहमदाबादने २०१० च्या मे महिन्यातल्या भीषण लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधली छपरं पांढरी करायला घेतली. मुंबई महापालिकेचाही हवामान कृती आराखडा २०२२ मध्ये आला आहे.

खरी झळ सोसतात ती केतकीपाडा, रावळपाड्याकडची पत्र्याची घरं. डोक्यावर सात-आठ फुटांवर तापलेला पत्रा, खिडकी एखादीच. तिथले लोक पत्र्यावर ओलं गोणपाट टाकतात, जुने फ्लेक्सचे बॅनर अंथरतात, आतून थर्माकोल लावतात. नेत्याचा हसरा चेहरा वर करून अंथरलेला बॅनर उन्हाळाभर कुणाच्या तरी डोक्यावर सावली धरून असतो. निवडणुकीचा एवढा थेट उपयोग मी दुसरा पाहिलेला नाही. बॅनर पत्र्यावर नुसता टाकण्यापेक्षा बांबूवर वीतभर उचलून ताणला, तर मधून हवा जाते आणि फरक कितीतरी पटींनी पडतो. थर्माकोलची भीती मात्र वाटते. एक ठिणगी पुरते.

खिडकी कधी उघडावी? मार्च-एप्रिल आणि मे हे इथे दोन वेगळे ऋतू आहेत. सांताक्रूझ वेधशाळेचा विक्रम ४२.२ अंशांचा, १४ एप्रिल १९५२ चा, मेचा नव्हे. मार्च-एप्रिलमध्ये काही दिवस पूर्वेकडून जमिनीवरचा कोरडा, तापलेला वारा जोर धरतो, समुद्राचा वारा दुपारी एक-दोनपर्यंत अडून बसतो आणि पारा चढतो. किनाऱ्यावर ३७ अंश गाठले आणि ते सरासरीहून साडेचार अंशांनी जास्त असले, की हवामान खातं उष्णतेची लाट म्हणतं. अशा दिवशी वागायचं नागपूरसारखं: नऊलाच पूर्वेच्या खिडक्या लावायच्या, ओला पडदाही चालतो, आणि पश्चिमेची झुळूक लागली की सगळं उघडायचं. मेमध्ये मात्र खिडकी लावून घेणं ही शिक्षाच. तेव्हा ऊन अडवा, वारा अडवू नका.

पंखा हवा गार करत नाही, माणसाला करतो. म्हणून रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा खोली उलट कणभर तापवतो. जुना छताचा पंखा सत्तर-पंचाहत्तर वॉट खातो, नवा बीएलडीसी तीसच्या आसपास. चाळिशीच्या पुढच्या हवेत पंखा अंगावर झळा फेकतो, पण ती वेळ दहिसरवर क्वचितच येते. रात्री टेबल फॅन खिडकीत उलटा, तोंड बाहेर करून लावून पाहा. खोलीतली कोंडलेली हवा तो बाहेर ढकलतो आणि समोरच्या खिडकीतून बाहेरची गार हवा आपोआप आत येते.

स्वयंपाकघराकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. एक किलो पाइप गॅस जळला की सव्वादोन किलो पाण्याची वाफ तयार होते, सिलिंडरचा गॅस असेल तर दीड किलोहून जास्त. भाताची, डाळीची वाफ वेगळीच. बाष्पाने आधीच भरलेल्या घरात आपण रोज हा छोटा कूलर चालवतो. आजी पहाटे सहाला कुकर लावून मोकळी व्हायची, ते नुसतं शिस्तीपोटी नसावं. एक्झॉस्ट फॅन स्वयंपाक संपल्यावरही दहा मिनिटं चालू ठेवावा, आणि कपडे हॉलमध्ये वाळत घालू नयेत.

उकाडा नुसता गैरसोयीचा नाही, हे १६ एप्रिल २०२३ ला खारघरने दाखवलं. उघड्या मैदानावरच्या सोहळ्यानंतर चौदा माणसं गेली. घरातही म्हातारी माणसं, तान्ही मुलं यांच्याकडे बघत राहायला हवं. कुणी असंबद्ध बोलू लागलं, अंग चटका बसेल इतकं तापलं, तर पन्हं-सरबतात वेळ न घालवता अंगावर पाणी, वारा आणि १०८ ला फोन.

आम्ही शेवटी बाल्कनी परत बाल्कनी केली. काचा काढल्या, सोफा भाच्याला दिला, बाहेरच्या कडेला बांबूची चिक सोडली. दुपारी तिच्यातून वारा येतो आणि उन्हाच्या नुसत्या रेघा येतात. रात्री फोमची गादी गुंडाळून तिथेच लादीवर चटई टाकतो. सोसायटीच्या सभेत चिकेचा विषय निघाला. इमारतीच्या दर्शनी भागाची शोभा जाते, असं एकाचं म्हणणं, हिरवी हवी असं दुसऱ्याचं. पुढच्या सभेपर्यंत निर्णय राखून ठेवला आहे. दरम्यान तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी चिकवाल्याचा नंबर मागून नेला.