फटक्याचा धनी, संगमनेरचा

दारूबंदीने नाव झालेल्या राळेगणसिद्धीत उपदेशाच्या गाण्याचा विषय निघाला, की आपल्याच जिल्ह्यातल्या एका शाहिराची आठवण यायला हवी. सहसा येत नाही.

अनंत फंदी (1744–1819). गाव संगमनेर, आडनाव घोलप. लावणी रचणारे आणि तमाशाच्या फडात उभे राहून गाणारेही तेच. खर्ड्याची लढाई (1795) याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात झाली. तिचा पोवाडा त्यांनी रचला. सवाई माधवरावांच्या मृत्यूवर ‘माधवनिधन’ हे काव्यही लिहिले.

अहिल्याबाई होळकरांनी कानउघाडणी केली आणि फंदी तमाशा सोडून कीर्तनाकडे वळले, असे सांगतात. आख्यायिकाच ती, पण अहिल्याबाईही याच मातीतल्या, चौंडीच्या.

खरी कमाई मात्र ‘फटका’ हा काव्यप्रकार. आठ-आठ मात्रांचा धावता ठेका, समोरच्याला थेट ‘हे करू नको’ असा दम, आणि प्रत्येक ओळ चाबकासारखी संपणारी. लावणीची लय तीच, फक्त शृंगाराच्या जागी व्यवहाराचे शहाणपण. म्हणूनच उपदेश असूनही तो कंटाळवाणा होत नाही. पुढच्या शाहिरांनी आणि कवींनी हा साचा मनसोक्त वापरला.

समकालीन शाहिरांचे नशीब वेगळे. राम जोशी 1947 साली सिनेमाच्या पडद्यावर आले, होनाजी बाळा 1951च्या ‘अमर भूपाळी’त. फंदींच्या वाट्याला प्रामुख्याने शाळेचे क्रमिक पुस्तक आले. तिथला फटका पाठ असतो, कवीचे नाव विचारले की मुले खिडकीबाहेर बघतात.