घरच्या खाटेवरचा प्रयोग

'हवापालट' हा शब्द आज आपण सुट्टीसाठी वापरतो. शंभर वर्षांपूर्वी तो क्षयरोग्याच्या घरात दबक्या आवाजात उच्चारला जाई. मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार याखेरीज डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते. मिरजेचे वान्लेस सॅनेटोरियम त्याच काळातले. ज्यांना तिथवर पोचणे जमे ते जात; बाकीचे घरातच झिजत.

1943 मध्ये अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन सापडले. ब्रिटनमध्ये 107 रुग्णांवर त्याची चाचणी झाली. औषध कोणाला आणि नुसती विश्रांती कोणाला, हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता बंद पाकिटांतून ठरवले गेले. 1948 साली निकाल छापून आला: सहा महिन्यांत औषध घेणाऱ्या 55 पैकी 4 जण दगावले, विश्रांतीवर ठेवलेल्या 52 पैकी 14. पण पुढे अनेकांच्या जंतूंनी औषधाला दाद देणे सोडले. एकटे औषध पुरत नाही, हा धडा तिथेच मिळाला.

आपल्याकडचा प्रश्न वेगळा होता. रुग्ण लाखांत आणि खाटा मोजक्या. 1956 साली मद्रासमध्ये वॉलेस फॉक्स यांच्या नेतृत्वाखाली केंद्र उभे राहिले आणि थेट प्रश्न विचारला गेला: गरीब रुग्ण घरी राहून बरा होईल का? चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्ण दोन गटांत वाटले. औषधे तीच, आयसोनियाझिड आणि पास, एक वर्षभर. एक गट सॅनेटोरियममध्ये, दुसरा दाटीवाटीच्या घरांत, अपुऱ्या जेवणावर. वर्षअखेरीस सॅनेटोरियममधले 92 टक्के आणि घरचे 86 टक्के रुग्ण जंतुमुक्त दिसले. पाच वर्षांच्या पाठपुराव्यात तेवढाही फरक उरला नाही. रुग्ण घरी असल्याने कुटुंबीयांचा धोका वाढल्याचेही दिसले नाही. सॅनेटोरियमचे युग संपवणाऱ्या पुराव्यांत हा सर्वांत मोठा.

याच केंद्राने आणखी एक गोष्ट पाहिली. बरे वाटू लागले की माणूस गोळ्या टाळतो. त्यामुळे समोर बसवून औषध देण्याची पद्धत तिथे तपासली गेली. पुढे तीच 'डॉट्स' या नावाने जगभर पोचली. ही शिस्त जिथे मोडली तिथे जंतू बळावले. 2012 च्या सुरुवातीला मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तपासलेल्या सर्व औषधांना न जुमानणारा क्षय नोंदवला, तेव्हा देश हादरला. बेडाक्विलिनसारखी नवी औषधे त्यानंतर आली.

आणि अन्न? मद्रासचा निकाल ऐकून अनेकांनी ताटाचा विषयच बाजूला ठेवला. खरे तर त्या निकालाचा अर्थ इतकाच होता की औषध चालू असेल तर अपुऱ्या जेवणावरही जंतू हटतात. उपाशी शरीरात रोग का शिरतो, हे तिथे कोणी विचारलेच नव्हते. तो प्रश्न अनुराग आणि माधवी भार्गव यांच्या चमूने झारखंडमध्ये विचारला. 2,800 रुग्णांच्या घरांतल्या 10,345 माणसांचा पाठपुरावा झाला. ज्या घरांत रुग्णाबरोबर कुटुंबालाही शिधा मिळाला, तिथे नवे क्षयरुग्ण 39 टक्क्यांनी कमी आढळले. हा निकाल 2023 चा.

मद्रासमध्ये गोळ्या घरी पोचल्या, झारखंडमध्ये शिधा. दोन्ही वेळा उत्तर सापडले ते संशोधक रुग्णाच्या उंबऱ्यापर्यंत गेले म्हणून. क्षय संपवायचा तर औषधाच्या पाकिटाबरोबर धान्याची पिशवीही त्याच उंबऱ्यावर, दर महिन्याला, न चुकता पोचायला हवी.