जुनी घ्यावी की विजेची?

पिंपरी-चिंचवडच्या माणसाला स्कूटरचे अप्रूप सांगणे म्हणजे कोल्हापूरकराला गुळाची चव सांगण्यासारखे आहे. बजाजची 'चेतक' 1972 साली आपल्या आकुर्डीतलीच. त्या काळी पैसे भरूनही नंबर लागायला वर्षे जात आणि वापरलेली स्कूटर नवीपेक्षा महाग विकली जाई. पुढे ती स्कूटर बंद झाली आणि 2020 साली त्याच नावाची विजेची स्कूटर आली. आज गाडी मागाल तेव्हा मिळते. अडचण आहे ती निवडीची.

आमच्या घरी यंदा हाच प्रश्न उभा राहिला. थोरला भाऊ चाकणच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार आहे. जाऊन-येऊन 40 किलोमीटर, म्हणजे महिन्याच्या 25 पाळ्यांचे 1,000 किलोमीटर होतात. पेट्रोलची स्कूटर लीटरला 45 किलोमीटर धावते असे धरले, तर 22 लीटर लागते; शंभराच्या भावाने 2,200 रुपये. विजेची स्कूटर साडेतीन युनिटांत 80 किलोमीटर जाते असे धरले, तर महिन्याला 44 युनिटे. दहा रुपये दराने 440. हिशेब वाचून कोणीही विजेच्याच बाजूने कौल देईल.

पण मित्रहो, नवी विजेची गाडी आमच्या ऐपतीबाहेर होती आणि जुनी घेताना खरी मेख बॅटरीत असते. विजेच्या गाडीतला सर्वांत महाग भाग तोच. वापराने तिची साठवण घटत जाते आणि वरून पाहून काही कळत नाही. म्हणून पूर्ण चार्ज केलेली गाडी ओळखीच्या रस्त्यावर दहा किलोमीटर चालवावी आणि किती टक्के उतरले ते पाहावे. वीस टक्के उतरले, तर ती पन्नास किलोमीटरांतच बसणार. बॅटरीची हमी किती उरली आहे आणि ती नव्या मालकाला लागू होते का, हेही लेखी पाहावे. बॅटरी बदलावी लागली, तर वाचवलेले पेट्रोल तिच्यातच जाते.

पेट्रोलची जुनी गाडी पाहायला सकाळी, न सांगता जावे. इंजिन हाताला गार लागले पाहिजे. आधीच तापवून ठेवलेली गाडी पहिल्या किकला सुरू होते आणि दोष झाकते. चार स्ट्रोकच्या गाडीतून निळसर धूर सुटत राहिला, तर ऑईल जळते आहे असे समजावे.

तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही: रात्री गाडी उभी कुठे राहणार? आम्ही भाड्याच्या खोलीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. खाली प्लग नाही आणि घरमालक बसवू देत नाहीत. आमचा निर्णय तिथेच झाला. आम्ही पेट्रोलची जुनी स्कूटर घेतली. ज्यांच्या दारात अर्थिंग असलेला प्लग आहे आणि बॅटरी धडधाकट आहे, त्यांनी विजेचीच घ्यावी असे माझे मत आहे.

गाडी कोणतीही घ्या, कागदांत कसूर नको. आपल्या भागात कंत्राट संपले की कामगार गावी निघतो, सह्या केलेले फॉर्म हातात ठेवून स्कूटर स्वस्तात देऊन जातो आणि गाडी वर्षानुवर्षे त्याच्याच नावावर फिरते. चेसिस नंबर आर.सी.शी ताडून पाहावा, थकलेला दंड तपासावा, फॉर्म 29 व 30 भरून आर.टी.ओ.त नाव बदलून घ्यावे. कर्ज असेल तर फॉर्म 35 आणि कर्ज देणाऱ्याचे ना-हरकत पत्र हवे. विमाही आपल्या नावावर करून घ्यावा. नोंदणीत ज्याचे नाव, भरपाईची जबाबदारी त्याचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली एका अपघाताच्या खटल्यात सांगितले. म्हणजे गाडी विकून गावी गेलेल्या माणसाच्या घरी कोणा अनोळख्याच्या अपघाताची नोटीस येऊ शकते. घेणाऱ्याने आपल्या सोयीसाठी नव्हे, तर त्या माणसासाठी तरी आर.टी.ओ.त एक सकाळ घालवावी.