शाळा आपल्या भागातली – लेखांक ६ : गॅदरिंग सप्टेंबरात का नको?

मागच्या लेखांकात शाळेच्या वेळापत्रकाबद्दल लिहिलं होतं. आज त्या वेळापत्रकात कधीच न छापल्या जाणाऱ्या तासांबद्दल, म्हणजे गॅदरिंगच्या तालमींबद्दल.

धाराशिव जिल्ह्यातल्या बहुतेक हायस्कुलांचं स्नेहसंमेलन डिसेंबर-जानेवारीत होतं. सहामाही उरकलेली असते, दहावीची पूर्वपरीक्षा तोंडावर असते; मधल्या फटीत सगळं बसवायचं. शेवटचे दोन तास बंद ठेवून तालीम सुरू होते आणि संपते ती एसटीच्या वेळेवर. संध्याकाळची गाडी चुकली तर वाडी-तांड्यावरच्या मुलीला घरी जायला दुसरं साधन नसतं. त्यामुळे मोठी भूमिका गावातल्या मुलीला आणि बाहेरगावची मागच्या रांगेत, अशी वाटणी न बोलताच होऊन जाते. तिच्या गुणांचा त्यात काही संबंध नसतो. शिक्षकांनी आपल्या नाटकाच्या पात्रयादीसमोर मुलांच्या गावांची नावं एकदा लिहून बघावीत, एवढी माझी विनंती आहे.

त्याहून मोठी अडचण उसाची आहे. भूम, वाशी, परंडा, कळंब या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जायला निघतात. हंगाम मार्चपर्यंत चालतो. गॅदरिंग नेमकं त्याच दिवसांत. काही मुलं हंगामी वसतिगृहामुळे गावी राहतात, काही आजी-आजोबांकडे. पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला मागे ठेवायला आईबापांचा जीव धजत नाही, आणि फडावर स्वयंपाकाला, धाकट्या भावंडांकडे बघायला तिचीच गरज असते. वर्गात सगळ्यात खणखणीत आवाज जिचा, तीच मुलगी गॅदरिंगच्या दिवशी कोपीवर भाकरी थापत असते. मग तिची जागा दुसऱ्या मुलीला दिली जाते आणि वहीत ती फक्त गैरहजर लागते.

मग हा कार्यक्रम सप्टेंबरात का नको? १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन असतो. झेंडावंदनाला सगळी शाळा जमतेच. १९४८ साली याच तारखेला निजामाची राजवट संपली. त्या राजवटीत साधी सभा भरवायची तरी परवानगी काढावी लागे. आपल्या लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्याला १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली आणि पुढे तिथे स्वामी रामानंद तीर्थांसारखा माणूस मुलांना शिकवायला उभा राहिला, हे सातवी-आठवीच्या मुलांना भाषणातून सांगून पोहोचत नाही. त्यांना त्या शाळेतला एक दिवस मंचावर उभा करू द्यावा. त्या दिवसांत पाऊस असतो, मैदानात मंडप घालता येत नाही, हे खरं. पण नाटकाला व्हरांडा पुरतो, आणि मंडप नसला की अर्धा खर्च आपोआप वाचतो.

खर्चाचा मुद्दा बारकाईने बघण्यासारखा आहे, कारण मुलांच्या हौसेची गाठ तिथेच पडते. बहुतेक गॅदरिंगांत आता नाटक एखादंच, बाकी सगळे रेकॉर्ड डान्स. गाणं पेनड्राइव्हवर, कपडे ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने: शिवलेली नऊवारी, कोळीगीताचे कपडे, शेतकरी नृत्याचे फेटे. भाडं आणि वर डिपॉझिट. लहान मापाची नऊवारी शिल्लक नसते, म्हणून सडपातळ मुलीला कमरेच्या मागे पिना लावून आवळतात. त्या टोचू नयेत म्हणून ती अख्खं गाणं पाठ ताठ ठेवून नाचते. मुलाची मिशी काजळ पेन्सिलीची, घामाने ओघळते. या सगळ्यातला आनंद खरा आहे, तो मी नाकारत नाही. पण ज्या मुलीच्या घरून भाड्याचे पैसे येत नाहीत, ती स्वतःहूनच "मला नाचायला आवडत नाही" असं सांगून मोकळी होते. तिला खरंच आवडत नाही का, हे एखाद्या बाईंनी बाजूला घेऊन विचारलं पाहिजे.

आता फॅशनबद्दल. हायस्कुलातल्या मुलामुलींना नटावंसं वाटतं म्हणजे ती बिघडली, हा समज मोठ्या माणसांनी सोडला पाहिजे. २०१६ च्या एप्रिलमध्ये नागराज मंजुळे यांचा 'सैराट' आला. त्याचं बरंचसं चित्रीकरण करमाळा भागातलं, म्हणजे आपल्या परंड्याच्या शेजारचं. रिंकू राजगुरू अकलूजची, तेव्हा स्वतः शाळकरी. पडद्यावर आपल्यासारखीच बोलणारी मुलगी बुलेट आणि ट्रॅक्टर चालवताना पाहून पोरींच्या चालण्यात फरक पडला, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. त्या चित्रपटातले कपडे आठवडी बाजारात मिळतील असेच होते. नवीन होता तो तिचा रुबाब.

आता रील्स आहेत. मुलांचे केस बाजूंनी बारीक आणि वर झुपकेदार, ढगळ टी-शर्ट, कार्गो पँट, हातात कडं, गळ्यात राजमुद्रेचं लॉकेट. मुलींच्या कपाळावर चंद्रकोर. १९ फेब्रुवारीला भगवे फेटे, १४ एप्रिलला पांढरे आणि निळे कपडे. दहावीच्या निरोप समारंभाला आईची किंवा वहिनीची साडी. यातलं पुष्कळसं आपल्याच मातीतलं आहे, हे लक्षात घ्यावं. आपण कोण आहोत आणि कोण दिसू शकतो, हे मुलं अंगावर घालून बघतात. नाटकातही ती तेच करतात. शिस्तीसाठी केस कापायला सांगणं मला समजतं. पण प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर एखाद्याच्या केसांवर कात्री चालवणं मला अजिबात मान्य नाही. तो मुलगा पुढे मंचावर पाऊल ठेवणार नाही.

नाटकाची खरी चावी मात्र बोलीत आहे. एका शाळेत तालीम चालली होती. पुस्तकातून उतरवलेली एकांकिका, त्यात मुलीचं वाक्य होतं, "आई, मी शाळेत जात आहे." ती दोन्ही हात अंगाला चिकटवून, छताकडे बघत म्हणायची. सर म्हणाले, "घरी कसं म्हणतेस?" ती लाजली, मग म्हणाली, "आय, शाळंत जायलेय मी." आणि म्हणता म्हणता तिने दप्तर खांद्यावर टाकलं, मागे वळून आईकडे बघितलं. अभिनय कुणी शिकवला नव्हता. इतकी वर्षं आपण मुलांना मंचावर चढवताना आधी त्यांची बोली काढून ठेवायला लावतो, आणि मग ती अवघडलेली दिसली की त्यांनाच दोष देतो.

संहितेसाठी लांब जायचीही गरज नाही. भास्कर चंदनशिव आपल्या कळंब तालुक्यातल्या हासेगावचे. त्यांची 'लाल चिखल' ही कथा पाठ्यपुस्तकामुळे घरोघरी पोहोचली. टोमॅटोला भाव नाही म्हणून बाप भर बाजारात आपलाच माल पायाखाली तुडवतो आणि पोरगा ते बघतो. हे मंचावर आणायला काय लागतं? दोन डाली, एक बाप, एक मुलगा आणि बाजारातली माणसं. ड्रेपरीवाल्याकडून काहीही आणावं लागत नाही. प्रत्येकाच्या घरी त्या भूमिकेचे कपडे दांडीवर असतात. प्रयोगासाठी रीतसर परवानगी तेवढी घ्यावी.

एप्रिल २०१७ मध्ये जयंत सावरकर यांच्या अध्यक्षतेखाली ९७ वं नाट्य संमेलन धाराशिव शहरात भरलं. २०२० च्या जानेवारीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष असलेलं ९३ वं साहित्य संमेलनही इथेच झालं. जिल्ह्याला मंचाचं अप्रूप आहे, हे वेगळं सिद्ध करायला नको. कमी पडतो तो शाळेतला वेळ. दहावीची परीक्षा आता लवकर येते. २०२५ साली ती २१ फेब्रुवारीला सुरू झाली. त्यामुळे जानेवारीच्या नाटकातून दहावीची मुलं आधीच वगळली जातात. सप्टेंबरात ती मोकळी असतात, ऊसतोडीला जाणारी मुलं गावात असतात, आणि दिवस मोठा असल्याने मुली उजेडात घरी पोहोचतात.

शिवाय सांस्कृतिक कार्य संचालनालयाची राज्य बालनाट्य स्पर्धा हिवाळ्यात होते, प्रवेशिका त्याआधी मागवल्या जातात. सप्टेंबरात प्रयोग झालेलं नाटक असेल तर शाळेला त्या अर्जात लिहायला काहीतरी असतं. शास्त्रीय कला, चित्रकला, लोककला आणि नाट्य यांतल्या प्रावीण्याला दहावीत वाढीव गुण मिळण्याची तरतूदही आहे. तिचे नियम मुख्याध्यापकांनी जूनमध्येच वाचून पालकसभेत सांगावेत. तुळजापूरकडच्या गोंधळी आणि आराधी घरांतल्या मुलांच्या पालकांना तर आवर्जून.

पुढच्या लेखांकात : मुलींची सायकल आणि एसटीचा पास.