तेलाची विहीर आणि उसाचा फड

‘सागर सम्राट’ ही जपानमध्ये बांधलेली रिग. फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर तिला समुद्रतळाखाली तेल लागलं, तेव्हा देश तेलाच्या भाववाढीने बेजार होता. ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर काही महिन्यांतच पिंपाचा भाव तीन डॉलरवरून बाराच्या घरात गेला होता. अशा वेळी ‘बॉम्बे हाय’ सापडलं आणि अवघ्या सव्वादोन वर्षांत, मे १९७६ मध्ये, तिथून तेल येऊ लागलं. आजच्या सरकारी कामांचा वेग पाहता हे खरंच वाटत नाही.

पुढची दहा-बारा वर्षं सुखाची गेली. १९८०च्या दशकाच्या मध्यावर देशाला लागणाऱ्या तेलाचा निम्म्याहून बराच मोठा वाटा देशातच निघत होता. १९८९च्या सुमारास एकट्या बॉम्बे हायने वर्षाला दोन कोटी टनांपर्यंत मजल मारली. मग घसरण लागली. खडकातला दाब जपण्याऐवजी उपशावर भर दिला गेला, अशी टीका तेव्हा झाली, आजही होते. आता तिथून दिवसाला साधारण १ लाख ३५ हजार पिंपं निघतात. दरम्यान देशातल्या गाड्या किती पटींनी वाढल्या हे सांगायला नको. २०२३-२४ मध्ये आपण सुमारे ८८ टक्के कच्चं तेल बाहेरून आणलं.

बॉम्बे हायच्या तेलाची किंमत नुसती रुपयांत मोजून भागत नाही. २७ जुलै २००५, म्हणजे मुंबई बुडाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, बॉम्बे हाय नॉर्थच्या प्लॅटफॉर्मला आग लागली. निमित्त काय, तर कामावरच्या एका जहाजातल्या आचाऱ्याची बोटं कापली. त्याला उपचारासाठी प्लॅटफॉर्मवर चढवायचं म्हणून ऐन पावसाळी समुद्रात जहाज जवळ आणलं गेलं. ते वायूच्या उभ्या नळीवर आदळलं आणि भडका उडाला. दोन तासांत प्लॅटफॉर्म कोसळला. २२ माणसं गेली. मुंबई स्वतःचीच प्रेतं मोजत होती, त्यामुळे ही बातमी आतल्या पानांत गेली.

‘तेल खोदायचं की पर्यायी इंधन आणायचं’ हा वाद आपल्याकडे अधूनमधून रंगतो. गंमत म्हणजे मुंबईचं पहिलं मोठं पर्यायी इंधन याच समुद्रातून आलं. तेलाबरोबर निघणारा वायू सुरुवातीला मोठ्या प्रमाणावर नुसता जाळला जाई. पुढे तो नळाने उरणला आला, थळच्या खतकारखान्याला मिळाला आणि १९९५ मध्ये महानगर गॅस स्थापन झाल्यावर टॅक्सीतही पोहोचला. काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची डिकी उघडली की आत सामानाऐवजी आडवा सिलिंडर दिसायचा. बॅगा वर कॅरिअरवर, दोरीने बांधलेल्या. पंपावर उतारूंनी खाली उतरायचं, नळी लागायची, काटा चढायचा, आणि मागच्या रांगेतले हॉर्न वाजवायचे. दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट करायची, ती ठरलेली. शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. मुंबईपुरता तरी हा पर्याय यशस्वी झाला असं मी म्हणेन, कारण वायू जवळ होता, नळ होता, आणि डिझेलच्या धुराविरुद्ध कोर्टाचा रेटाही होता.

पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलची गोष्ट इतकी सरळ नाही. २००१ मध्ये मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशात बरेलीला प्रयोग झाले. २००३ मध्ये नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण आलं. पुढच्याच वर्षी ऊस कमी, मळी कमी, आणि योजना लटकली. २०१३-१४ मध्येही देशाचं मिश्रण दीड टक्क्याच्या आसपास घुटमळत होतं. २०१८ च्या धोरणाने उसाचा रस आणि बी-हेवी, म्हणजे साखर जास्त उरलेली, मळी वापरायला वाट करून दिली, तेव्हा कारखान्यांनी व्याजसवलतीची कर्जं काढून डिस्टिलऱ्या उभ्या केल्या. २०२२ मध्ये दहा टक्के, २०२५ मध्ये वीस. साखर गोदामात पडून राहते, तेल कंपन्यांचे पैसे मात्र तीन आठवड्यांत येतात. ऊसबिलं थकायची कमी झाली, हे मान्य करायलाच हवं. पण पाऊस कमी झाला तेव्हा ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने रसापासून इथेनॉल करायला एका आदेशाने बंदी घातली. गाळप हंगाम ऐन भरात होता. आठवड्याभरात आदेश सैल करावा लागला. मग मक्याकडे मोर्चा वळला, आणि मका निर्यात करणारा देश २०२४ मध्ये मका आयात करू लागला.

ऊस-मक्याला पर्याय नव्हता असं नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनेक वर्षं गोड ज्वारीवर काम झालं. ‘मधुरा’ हे त्यांचं वाण. कणसातली ज्वारी खायला, धाटाच्या रसाचं इथेनॉल, चिपाडं जनावरांना किंवा चुलीला. पीक चार महिन्यांत निघतं. आडसाली ऊस अठरा महिने रानात उभा राहून पाणी पितो. ज्वारीच्या धाटात साखर फार दिवस टिकत नाही, गाळायला मुदत थोडी मिळते, ही अडचण खरीच आहे. पण खरी अडचण मला वेगळी वाटते. गोड ज्वारीमागे ना साखर कारखाना होता, ना आमदार.

पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या हायब्रिड गाडीच्या मागेही आपल्याकडे कोणी नव्हतं. जपानमध्ये टोयोटाची हायब्रिड प्रियस १९९७ मध्ये रस्त्यावर आली. आपल्याकडे २००८ मध्ये होंडाने सिव्हिक हायब्रिड आणली, साडेएकवीस लाखांना, आणि काही महिन्यांतच किंमत आठ लाखांनी उतरवावी लागली. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा हायब्रिडवर अधिभारासह ४३ टक्के कर बसला.

थोडा हिशेब मांडू. मारुतीच्या ग्रँड व्हिटाराचं पेट्रोल रूप कागदावर लिटरला २१ किलोमीटर देतं, हायब्रिड रूप २८. वर्षाला दहा हजार किलोमीटर चालवली तर सुमारे १२० लिटर पेट्रोल वाचतं. तीच साधी गाडी ई-२०वर, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर, चालवली आणि मायलेज सहा टक्के घटलं असं धरलं (जुन्या गाड्यांसाठी नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात सहा-सात टक्के म्हटलंय), तर शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत साधारण ७० लिटर वाचतं आणि शंभर लिटर इथेनॉल लागतं. त्याच अहवालानुसार उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलला २८६० लिटर पाणी खर्ची पडतं. शंभर लिटरांचं पाणी मोजलं तर दहा हजारी टँकर अठ्ठावीस भरतात. एका गाडीसाठी, एका वर्षात. हायब्रिडला टँकर लागत नाही. ब्रेक दाबला की बॅटरी भरते, सिग्नलला इंजिन बंद पडतं, एवढंच. बॅटरीतली खनिजं बाहेरून येतात आणि गाडी महाग पडते, हे मात्र धरलं पाहिजे.

सप्टेंबर २०२५ पासून छोट्या हायब्रिडवर १८ टक्के आणि मोठ्यांवर ४० टक्के कर आहे, विजेवरच्या गाडीवर पाच. तेलाचं म्हणाल तर, जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीने बॉम्बे हायचं (आताचं नाव मुंबई हाय) उत्पादन वाढवण्यासाठी बीपी या ब्रिटिश कंपनीची तांत्रिक मदत घेतली, आणि ते बरंच केलं. विहिरी खोदलेल्या आहेत, नळ टाकलेले आहेत. तिथलं उरलेलं तेल-वायू काढायला विरोध करण्यात अर्थ नाही. पण त्या खोऱ्यातून १९८९ परत येणार नाही. म्हणून मागणी इतकीच: हायब्रिडचा कर गाडीच्या लांबीवरून न ठरवता ती किती पेट्रोल वाचवते त्यावरून ठरवा, आणि सोलापूर-धाराशिवकडच्या नव्या डिस्टिलरीला परवाना देण्याआधी त्या तालुक्याच्या भूजलाचा आकडा अर्जावरच मागून घ्या.